एका होडीचे अनेक धनी

कोकणच्या किनाऱ्याची लांबी किती, या साध्या प्रश्नालाही आपल्याकडे एक उत्तर नाही. राज्य शासनाच्या पुस्तकांत ती ७२० किलोमीटर असते. केंद्राच्या कोष्टकांत ती वर्षानुवर्षे सुमारे ६५२ किलोमीटर होती आणि अलीकडे नव्या पद्धतीने मोजणी झाली तेव्हा ती ८७७ किलोमीटरच्या वर भरली. वाकड्यातिकड्या किनाऱ्यावर मोजपट्टी जितकी लहान तितकी लांबी वाढते, हे भूगोलाच्या शिक्षकांना ठाऊक आहे. तेव्हा या तफावतीचे हसे करण्याचे कारण नाही. लांबी चुकली म्हणून कोणी बुडत नाही. परंतु त्याच किनाऱ्यावरून पाण्यात उतरणाऱ्या लहान होडीच्या मालकाला कोणते नियम लागू आहेत, या प्रश्नाचे उत्तरही खिडकीगणिक बदलत असेल, तर ती गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली आणि पंधरा माणसे प्राणास मुकली. धडकेचा दोष प्रवासी बोटीकडे नव्हता. इंजिनाच्या चाचणीच्या वेळी आपल्या नौकेवरील ताबा सुटला, असे नौदलानेच सांगितले. तथापि बोटीला परवानगी होती ८४ प्रवाशांची, प्रत्यक्षात तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती आणि त्यांतील बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते. त्याआधी २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन परतणारी बोट बुडून दोघांचा अंत झाला होता. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन विद्यार्थिनी दगावल्या. फार मागे जायचे तर १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेल्या ‘रामदास’ बोटीबरोबर सहाशेहून अधिक माणसे गेली; त्या दिवसाची आठवण रायगड जिल्ह्यातील कित्येक घरांत अजून निघते.

या घटनांची कारणे निरनिराळी आहेत, त्यांना एका माळेत ओवणे अन्यायाचे होईल. परंतु त्यांच्यामागून जे घडते त्याचा साचा ठरलेला आहे. दुर्घटनेनंतर काही दिवस सर्व होड्या बंद ठेवल्या जातात, तपासणी होते, नवा आदेश निघतो, जुन्या आदेशाचे काय झाले हे कोणी सांगत नाही आणि हंगामाची गर्दी सुरू झाली की सर्व पूर्ववत् होते. आदेशांचे थर असे एकावर एक साचत जातात. आजघडीला लहान होडीच्या मालकापुढील मुख्य अडचण नियम कडक असण्याची नाही, ते कळत नसण्याची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि नियम न कळणे हे नियम नसण्याहून अधिक धोक्याचे ठरू शकते.

एक समुद्र, तीन सूची

या गोंधळाचे मूळ काही अंशी राज्यघटनेतील अधिकारांच्या वाटणीत आहे. सातव्या परिशिष्टानुसार सागरी नौवहन, मोठी बंदरे आणि प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी हे विषय केंद्राचे, मत्स्यव्यवसाय राज्याचा, लहान बंदरे आणि अंतर्गत जलमार्गांवरील यंत्रचलित नौका हे विषय समवर्ती सूचीतले. मोठी जहाजे आणि गोद्या डोळ्यांपुढे ठेवल्या तर ही वाटणी समंजस आहे. तीच वीस-बावीस फुटी होडीला लावली की होडीचे तुकडे पडतात. खाडीत ती एका कायद्याखाली असते, खाडीचे तोंड ओलांडून बाहेर आली की दुसऱ्या. जाळे टाकले की तिसऱ्या खात्याची आणि जाळे काढून चार पाहुणे बसविले की चौथ्या.

कायदेही एका जागी स्थिर नाहीत. अंतर्गत जलवाहतुकीचा १९१७ सालचा कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला आणि २०२२ पासून तो अंमलात आहे. व्यापारी नौवहनाचा १९५८ चा आणि बंदरांचा १९०८ चा हे दोन्ही जुने कायदे बाजूस सारणारे नवे कायदे संसदेने २०२५ मध्ये संमत केले; किनारी नौवहनाचाही स्वतंत्र कायदा त्याच वर्षी झाला. मासेमारीसाठी राज्याचा १९८१ चा अधिनियम आहे व त्यात २०२१ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. जुने, इंग्रजी अमदानीतले कायदे गेले हे चांगलेच झाले. परंतु कायदा बदलला की त्याखालचे नियम, अर्जाचे नमुने, शुल्क आणि सक्षम अधिकारी हेही बदलतात, आणि ही बातमी राजापुरीच्या किंवा हर्णैच्या धक्क्यावर पोहोचण्याची कोणतीही नियमित व्यवस्था आपण केलेली नाही. राजपत्र प्रसिद्ध झाले की प्रत्येक नागरिकाला कायदा ठाऊक झाला, असे कायदा मानतो. पहाटे तीनला समुद्रावर जाणारा माणूस राजपत्र वाचतो, हे मानायला मात्र पुष्कळच कल्पनाशक्ती लागेल.

एक उदाहरण घेऊ. राजापुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. अशा बिगरयांत्रिक होड्यांची नोंद स्थानिक पातळीवर, अगदी ग्रामपंचायतीपर्यंत व्हावी, अशी २०२१ च्या कायद्याची योजना आहे आणि ती शहाणपणाची आहे. परंतु त्याच होडीच्या पाठीमागे लहानसे इंजिन लावले की कायद्याच्या दृष्टीने तिचे कूळच बदलते. मग तिचे सर्वेक्षण आले, नोंदणी आली, चालविणाऱ्याचे प्रमाणपत्र आले, विमा आला. हे सर्व असावे, याबद्दल वाद नाही. लाकूड तेच, तांडेल तोच आणि पाणीही तेच असताना आपण नेमकी कोणती रेषा ओलांडली, हे त्याला कोणीतरी आधी सांगावयास हवे, एवढेच म्हणणे आहे.

मालवणात हा गुंता सर्वांत दाट आहे. तेथील बंदर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडे. त्या समुद्राचा एक भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य, म्हणून वन खाते. समोर सिंधुदुर्ग किल्ला, तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले संरक्षित स्मारक. किनाऱ्यावरची जमीन महसूल खात्याची, रस्ता आणि कर नगर परिषदेचा. पाण्यावर सागरी पोलीस, त्यापलीकडे तटरक्षक दल, आणि कस्टमवाल्यांचा किनाऱ्याशी संबंध तर पिढ्यानपिढ्यांचा. मुंबईवर नोव्हेंबर २००८ मध्ये हल्ला करणारे समुद्रमार्गे आले तेव्हापासून मच्छीमारांची ओळखपत्रे, होड्यांचे रंग आणि नोंदणी यांबाबत सुरक्षेचे म्हणून आणखी नियम आले. त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु यांतील प्रत्येक खाते होडीवाल्याला आपापला कागद विचारते आणि दुसऱ्याच्या कागदाबद्दल विचारले की ‘ते आमच्याकडे येत नाही’ म्हणते. प्रत्येकाचे उत्तर बरोबरच असते!

हंगामाच्या तारखांचेच पाहा. यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. प्रवासी आणि पर्यटकांची वाहतूक मात्र मेच्या अखेरीस थांबते ती ऑगस्ट संपेपर्यंत. म्हणजे ऑगस्टमध्ये होडी मासे आणू शकते, माणसे नेऊ शकत नाही. या फरकात तथ्य आहे: खलाशाला समुद्र कळतो, पोहता येते, पाहुण्याला यांपैकी काही येत नाही. परंतु हे कारण कोठेही सांगितलेले नसते. कारण न सांगता दिलेला हुकूम माणूस पाळतो तो शिक्षेच्या भीतीने, आणि शिक्षा करणारा समोर नसला की पाळत नाही. आपल्या बापजाद्यांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या शाकारून ठेवल्या त्या कोणा निरीक्षकाच्या भयाने नव्हेत. त्या नियमाचे कारण प्रत्येकाला ठाऊक होते.

जाकीट म्हणजे काय?

सुरक्षा-साधनांच्या बाबतीत हा घोटाळा प्रत्यक्ष जिवाशी येतो. ‘प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट असावे’ हे वाक्य ऐकायला स्पष्ट वाटते. पण जाकीट या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक प्रकार नुसता तरंगायला मदत करणारा: ज्याला पोहता येते आणि ज्याच्यापासून किनारा जवळ आहे, त्याच्यासाठी. दुसरा अधिक उचल देणारा, बेशुद्ध माणसालाही उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवील असा. ही उचल न्यूटन या मापात मोजतात. पहिल्या प्रकारात ती पन्नासच्या आसपास, दुसऱ्यात दीडशेच्या. दोन्ही नारिंगी, दोन्हींना पट्टे आणि शिटी. बाजारात त्यांच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक असतो, आणि तिसरा एक प्रकार असा की ज्यावर कसलाही शिक्का नसतो. उन्हातान्हात दोन हंगाम काढल्यावर त्याच्या फोमचे काय झाले, हे त्याला पाण्यात टाकल्यावरच कळते.

मालक यांपैकी कोणते घेतो? ज्याने तपासणीची अट भागते ते. तपासणी जर संख्येची असेल तर तो संख्या पुरी करतो. मोजणाऱ्याने तीस विचारली, तीस दाखविली. ती मोठ्या मापाची आहेत की लहान, हा प्रश्न यादीत नसतो. वास्तविक सहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाचे जाकीट घातले तर मूल त्यातून निसटून खाली जाऊ शकते. ती बाकाखाली बांधून ठेवली आहेत की हाताशी आहेत, हाही प्रश्न नसतो. होडी उलटण्यास काही क्षण पुरतात. बाकाखालचे जाकीट त्या वेळी जहाजावरच्या मालासारखेच, होडीबरोबर जाणारे.

म्हणून ‘असावे’ आणि ‘घालावे’ हे दोन वेगळे नियम आहेत. २०२४ च्या दुर्घटनेनंतर गेटवेवर प्रवाशांना जाकिटे घालण्याची सक्ती झाली. ती योग्यच होती. पण घारापुरीच्या प्रवाशाला जे लागू ते दाभोळच्या खाडीत पलीकडच्या गावी शाळेत जाणाऱ्या मुलांना लागू आहे काय? त्या तरीवर बाजाराला निघालेल्या म्हातारीने दहा मिनिटांसाठी जाकीट चढवायचे काय? आणि जाळे ओढणाऱ्या खलाशाने? जाड जाकीट घालून जाळे ओढता येत नाही, ते जाळ्यात अडकते आणि उन्हाळ्यात अंग भाजते, ही त्याची तक्रार खरी आहे. हलक्या, कामाच्या वेळी घालता येतील अशा जाकिटांचे प्रकार निघाले आहेत, परंतु ते महाग पडतात. या प्रत्येक प्रश्नाला एक शहाणे उत्तर देता येईल. खाडीसाठी वेगळे, उघड्या समुद्रासाठी वेगळे. शिवाय २०२१ च्या कायद्यात लाटांच्या कमाल उंचीवरून पाण्याचे विभाग पाडण्याचीही तरतूद आहेच. उत्तर नाही असे नाही. ते धक्क्यावर लिहिलेले नाही. अमेरिकेत लहान होडीला किमान काय हवे, हे एका ओळीत सांगता येते: माणशी एक मान्यताप्राप्त, अंगाला येणारे जाकीट, आणि होडी सोळा फूट वा अधिक लांब असेल तर पाण्यात फेकता येईल असे एक तरंगते साधन. त्या देशाची प्रत्येक गोष्ट उचलावी असे नव्हे. पण नियम एका ओळीत मावतो, ही गोष्ट उचलण्याजोगी आहे.

पुळण कोणाची?

होडीची कहाणी पाण्यात सुरू होत नाही, ती वाळूत सुरू होते. आपल्या जमीन महसूल संहितेप्रमाणे (१९६६, कलम २०) भरतीरेषेखालची जमीन शासनाची. रापण ओढणे, जाळी वाळविणे, होडी वर घेणे हे सारे त्या जमिनीवर व तिला लागून चालत आले ते वहिवाटीने. त्याचा सातबारा कोळ्याच्या नावे नसतो. किनारा नियमन क्षेत्राच्या १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना निघाल्या. २०११ च्या अधिसूचनेने मच्छीमार समाजाच्या उपजीविकेचे रक्षण हा आपला एक हेतू म्हणून सांगितला. पण हेतू सांगितल्याने वहिवाट सुरक्षित होत नाही. मुंबईतील कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न किती वर्षे रेंगाळला, हे वृत्तपत्रांच्या वाचकांना सांगायला नको. आणि किनाऱ्यालगतची वाडी विकली गेली, तिच्याभोवती कुंपण आले की समुद्राकडे जाणारी पाणंद प्रथम अरुंद होते, मग तिला फाटक लागते.

याचा सुरक्षेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. होडीत चढण्या-उतरण्याची जागा ठरलेली आणि बांधलेली असेल तर तेथे माणसे मोजता येतात, जाकिटे देता येतात, भरलेली होडी थांबविता येते. जागाच ठरलेली नसेल तर गुडघाभर पाण्यातून, जेथे लाट कमी दिसेल तेथून माणसे चढतात आणि मोजणारा असला तरी कोठे उभा राहणार? धक्का बांधणे लहान मालकाच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि त्याने मनावर घेतले तरी त्याला परवानगी मिळणार नाही. ते काम शासनाचेच. अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून आम्ही दीपगृह सांगतो. (रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये इंग्लंडमधील दीपगृहे खाजगी पैशांवरही चालली असे दाखवून आमच्या या आवडत्या उदाहरणाला धक्का दिला, ही गोष्ट निराळी.) कोकणात त्याऐवजी खाडीवरच्या उतरत्या, चिखल न होणाऱ्या फरसबंदीचे उदाहरण द्यावे, विद्यार्थ्यांना लौकर समजेल. पुळणीवर वाहने नेण्यास मनाई करणारे आदेश निघतात तेही असेच. शहरातून येऊन वाळूत मोटारी फिरविणाऱ्यांना आवर घातलाच पाहिजे. परंतु त्याच आदेशाने होडीपर्यंत इंजिन नेणारी हातगाडी वा टेम्पो अडत असेल, तर आदेश लिहिणाऱ्याने होडी कधी वर ओढलेली पाहिली नाही, असेच म्हणावे लागेल.

आता खर्चाचा हिशेब. समजा, सर्व कागद पुरे करण्यात वर्षाचे दहा दिवस मोडतात. शंभर प्रवाशांच्या बोटीचा मालक त्यासाठी माणूस ठेवतो. बोट चालूच राहते. आठ प्रवाशांच्या होडीचा मालक स्वतःच तांडेल असतो. तो कचेरीत गेला की होडी वाळूवर. पावसाळा आणि वाऱ्यावादळाचे दिवस वगळून धंद्याचे दिवस दोनशे धरले, तर दहा दिवस म्हणजे उत्पन्नाचे शेकडा पाच. शुल्क याहून वेगळे. हा कर कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, आणि तो लहानावर अधिक बसतो. पेरूचे अर्थशास्त्रज्ञ हर्नांदो द सोतो यांच्या सहकाऱ्यांनी लिमा शहरात शिवणकामाचा एक लहानसा कारखाना कायदेशीररीत्या सुरू करून पाहिला. त्यांना २८९ दिवस लागले. १९८० च्या दशकातील त्या प्रयोगातून त्यांनी निष्कर्ष काढला की, गरीब माणूस कायद्याबाहेर राहतो तो कायद्याचा द्वेष वाटतो म्हणून नव्हे, आत येणे परवडत नाही म्हणून. आपल्या किनाऱ्यावर त्याचा पडताळा पाहण्यास पेरूला जावे लागत नाही. ज्या पैशात चांगली जाकिटे आली असती तो पैसा आणि वेळ कागदांत जातो.

अर्थात होडीवाले सारे धुतल्या तांदळासारखे आहेत, असे मुळीच नाही. नाताळात आणि दिवाळीच्या सुटीत दहाच्या होडीत अठरा माणसे भरणारा मालक नियम कळले नाहीत म्हणून तसे करीत नाही. त्याला आकडे चांगले कळतात. बंदर निरीक्षकांची बाजूही आहे. थोड्या माणसांनी लांबलचक किनारा सांभाळायचा आणि दुर्घटना झाली की निलंबन त्यांचेच व्हायचे. तेव्हा तेही सर्वांत सुरक्षित मार्ग धरतात: सर्वच बंद. या बंदीत प्रामाणिक मालकही भरडला जातो, आणि पुढच्या वेळी प्रामाणिक राहण्याचे त्याला कारण उरत नाही. येथेच खरी मेख आहे. ज्याने खरी जाकिटे घेतली आणि आठच माणसे नेली त्याचे भाडे, आणि ज्याने नेली नाहीत त्याचे भाडे, यांत फरक नसतो. कारण धक्क्यावर उभ्या प्रवाशाला दोघांत फरक दिसत नाही. जेथे गुण दिसत नाही तेथे बाजार गुणाची किंमत देत नाही.

शिक्षकांना हे विशेष जाणवेल. सहल न्यायची म्हणजे परवानगी, संमतिपत्रे, हमीपत्रे यांचे बाड जमवायचे. एवढे करून पन्नास मुले धक्क्यावर उभी राहिली की, समोरच्या तीन होड्यांपैकी कोणती चालविण्यास योग्य ठरली आहे, हे ओळखण्याचे साधन त्या शिक्षकाच्या हाती नसते. तो होडीवाल्याला विचारतो, होडीवाला ‘सगळे आहे, सर, बसा’ म्हणतो.

यासाठी नवा कायदा नको, आहेत तेच पुरेसे आहेत. प्रत्येक बंदरासाठी एक कागद हवा, मराठीत आणि एका पानाचा. त्या पाण्यात, तेवढ्या लांबीच्या होडीला, मासेमारीसाठी आणि प्रवाशांसाठी काय काय लागते. कोणत्या प्रकारचे जाकीट, मुलांसाठी किती, कोणी केव्हा घालायचे. माणसे कोठून चढवायची. कोणता कागद कोणत्या खिडकीवर आणि किती दिवसांत. त्यावर सर्व खात्यांच्या अधिकाऱ्यांच्या सह्या असाव्यात, म्हणजे त्यात नसलेली गोष्ट कोणाला धक्क्यावर उभे राहून मागता येणार नाही. सह्या गोळा करण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांचे. आठ खात्यांच्या सह्या मिळविणे किती अवघड असते, याचा अनुभव त्या निमित्ताने सरकारलाही येईल. नियम बदलला तर नवा कागद निघावा, आणि तोवर जुनाच चालावा.

दुसरी गोष्ट रंगाची. होडीच्या दोन्ही बाजूंस, वीतभर उंचीच्या देवनागरी आकड्यांत, किती माणसे न्यायची आणि प्रमाणपत्र कोणत्या महिन्यापर्यंतचे, एवढे रंगवावे. तोच आकडा धक्क्यावरच्या फळ्यावर होडीच्या नावापुढे असावा. मग मोजण्याचे काम एकट्या निरीक्षकाचे राहणार नाही. सहलीबरोबर आलेल्या सातवीतल्या मुलालाही ते करता येईल. पावसाळ्यात होड्या वर घेतलेल्याच असतात, त्यांना तेल-रंग होतोच, आणि सप्टेंबरात वाहतूक सुरू होण्यापूर्वी मालकांना बंदर कचेरीत फेरी घालावीच लागते. कागद त्याच फेरीत, त्याच खिडकीवर हाती देता येईल.